दुसऱ्याने बनवलेल्या मारिओ लेव्हलवर कामाचा अभिप्राय कसा द्याल?

'सुपर मारिओ मेकर २' म्हणजे मारिओच्या लेव्हल्स (खेळाचे टप्पे) स्वतः बनवून इतरांना खेळायला देण्याचा गेम. तो घेतला की सुरुवातीला आपण फक्त खेळत सुटतो. मग एक दिवस मित्र, मावसभाऊ किंवा ऑनलाइन ओळख झालेला कुणीतरी नऊ अक्षरांचा कोड पाठवतो आणि म्हणतो, "माझी लेव्हल खेळून सांग ना, कशी झालीय." इथे बहुतेकांची गाडी अडते. 'भारी आहे भावा' किंवा 'लई अवघड केलीस राव' यापुढे काय लिहावं ते सुचत नाही. बनवणाऱ्याला या दोन्ही वाक्यांतून काहीच हाती लागत नाही. कुठल्या उडीपाशी वैताग आला, कुठे मजा आली, कुठे रस्ताच कळला नाही, हे त्याला हवं असतं.

मी दोन्ही बाजूंनी यातून गेलोय. माझ्या लेव्हल्स लोकांना तपासायला दिल्यात आणि लोकांच्या तपासल्यात. नव्याने हे करणाऱ्यांसाठी माझी पद्धत इथे मांडतो. उदाहरणं मारिओ मेकर २ मधली आहेत, कारण मला तो आतून-बाहेरून माहीत आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या गेममध्ये एकदा अपलोड केलेली लेव्हल दुरुस्त करता येत नाही. एक वीट सरकवायची असली तरी आधी ऑनलाइन लेव्हल काढून टाकायची, आपल्याकडच्या प्रतीत बदल करायचा, ती स्वतः सुरुवातीपासून शेवटपर्यंत पार करून दाखवायची आणि मग नव्याने अपलोड करायची. कोड नवा मिळतो. जुने लाइक्स, किती जण खेळले त्याचा आकडा, विक्रमाची वेळ, सगळं जातं. म्हणजे तुमची प्रत्येक सूचना समोरच्याला महागात पडते. अवघड लेव्हल असेल तर ती पुन्हा पार करण्यात त्याची अख्खी संध्याकाळ जाऊ शकते.

जवळ काय असू द्याल

- निन्टेंडो स्विच कन्सोल, गेम आणि निन्टेंडो स्विच ऑनलाइनचं चालू सदस्यत्व. त्याशिवाय कोड टाकून लेव्हल उघडता येत नाही.
- लेव्हलचा कोड. तीन-तीन अक्षरांचे तीन गट असतात. फोटोतून उतरवण्यापेक्षा टाइप करून मागवा.
- कागद-पेन. फोनवर टिपणं काढायला गेलात की हातातला कंट्रोलर सुटतो आणि दुसऱ्याच मेसेजमध्ये अडकायला होतं.
- कंट्रोलरवरचं कॅप्चर बटण. दाबून धरलं की मागच्या ३० सेकंदांचा व्हिडिओ साठतो आणि तो फोनवर घेता येतो. दहा ओळी लिहून समजावण्यापेक्षा ही क्लिप बरी.
- बनवणाऱ्याकडून तीन प्रश्नांची उत्तरं. ते प्रश्न पहिल्या पायरीत आहेत.

१. खेळण्याआधी विचारा: ही लेव्हल कुणासाठी आहे?

तीन प्रश्न पुरतात. कुणी खेळावी असं वाटतं? खेळणाऱ्याला काय वाटावं? आणि ही पक्की लेव्हल आहे की तपासणीपुरती अपलोड केलीय?

तिसरा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि मग चिडचिड होते. अपलोड न केलेली लेव्हल लांबच्या माणसाला खेळायला देण्याची सोय गेममध्ये नाही. म्हणून बरेच जण लेव्हल आधी तपासणीसाठी चढवतात, दोन-चार जणांकडून खेळवून घेतात, मग काढून सुधारित चढवतात. अशा लेव्हलवर मोकळेपणाने मोठ्या सूचना द्या. उलट तीच लेव्हल वर्षभर ऑनलाइन असेल आणि तिच्यावर भरपूर लाइक्स असतील, तर मालक ती काढणार नाही. तिथे सूचना द्यायच्याच असतील तर त्याच्या पुढच्या लेव्हलसाठी द्या.

पहिल्या दोन प्रश्नांनी मोजपट्टी ठरते. कायझो नावाचा प्रकार आहे. त्यात उड्या अगदी नेमक्या मारायच्या असतात, शेकडो वेळा मरायचं हे गृहीतच असतं आणि खेळणारे त्यासाठीच येतात. ट्रोल लेव्हलमध्ये बनवणारा मुद्दाम फसवतो, अदृश्य ठोकळा डोक्यावर आदळतो, सुरक्षित दिसणारी जमीन दगा देते, आणि त्या फसवणुकीत हसू यावं ही अपेक्षा असते. कायझोला 'फार अवघड' म्हणणं किंवा ट्रोलला 'हे अन्यायकारक आहे' म्हणणं म्हणजे तमाशाच्या फडात जाऊन कीर्तन का नाही म्हणून विचारण्यासारखं. तो प्रकार तुम्हाला झेपत नसेल तर तसं सांगून बाजूला व्हा. त्यात कमीपणा नाही.

लेव्हलला दोनपर्यंत टॅग लावता येतात, तेही बघून ठेवा. 'स्पीडरन' टॅग असेल तर वेळेचा ताण हाच तिचा मुद्दा, कोड्याच्या लेव्हलमध्ये तोच ताण खुपतो.

२. पहिला डाव रेकॉर्ड करा, थांबू नका

पहिल्यांदा खेळताना तुमच्याकडे जी कोरी नजर असते ती नंतर कुणी देऊ शकत नाही. बनवणाऱ्याकडे तर ती नसतेच. त्याने ती लेव्हल एडिटरमध्ये इतक्यांदा चालवलेली असते की कुठलं दार खरं हे त्याच्या बोटांना पाठ असतं. म्हणून पहिल्या डावात दुसऱ्याचा व्हिडिओ बघू नका आणि मालकाला शेजारी बसवून 'आता इकडे, आता तिकडे' करू देऊ नका. शेजारी बसणारच असेल तर तोंडावर बोट ठेवून बसू दे. तुम्ही कुठे चुकता हे बघून त्याला जे कळेल ते तुमच्या लेखी अभिप्रायातूनही कळणार नाही.

या डावात टिपणं अगदी तुटक असली तरी चालतात. 'लाल पाइप, मेलो, खाली दिसलं नाही.' 'दोन दारं, कुठलं?' 'कासवाचं कवच लाव्हात गेलं, आता काय?' एवढं पुरतं. क्लिप साठवत राहा. आणि हसू आलं, 'वा!' असं तोंडातून निघालं, तर तेही लिहा. चांगल्या जागा नंतर आठवत नाहीत, वाईट मात्र सगळ्या आठवतात.

३. मरण कुणामुळे आलं ते ठरवा

डाव संपला (किंवा तुम्ही हात टेकलेत) की टिपणांसमोर खूण करा. माझे तीन रकाने असतात.

पहिला: काय करायचं ते कळलं होतं, जमलं नाही. ही तुमची चूक. लेव्हलमध्ये दोष नाही. फार तर 'ही उडी मला सगळ्यांत जड गेली' एवढं कळवा.

दुसरा: काय करायचं तेच कळलं नाही. बहुतेक वेळा हा लेव्हलचा प्रश्न असतो आणि तुमच्या अभिप्रायाचं खरं सोनं इथेच सापडतं.

तिसरा: बरोबर केलं, तरी मेलो किंवा अडकलो. हा दोष असण्याची शक्यता सर्वांत जास्त. पण लगेच तसं लिहू नका, आधी पुन्हा करून बघा.

नवीन तपासणारे पहिला रकाना भरून काढतात आणि दुसऱ्यात काहीच लिहीत नाहीत, कारण 'मला कळलं नाही' म्हणायला लाज वाटते. लाजू नका. तुम्हाला कळलं नाही तर आणखी पन्नास जणांना कळणार नाही.

४. दुसऱ्या फेरीत दोष शोधायला निघा

आता मुद्दाम वाकडं खेळा. खाली ज्या गोष्टी दिल्यात त्या बहुतेक लेव्हल्समध्ये सापडतात, आणि बनवणाऱ्याच्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत.

*अडकून पडणं.* याला सॉफ्टलॉक म्हणतात. मारिओ जिवंत आहे, पण पुढे जाता येत नाही आणि मरताही येत नाही. घड्याळ संपायची वाट बघा, नाहीतर मेन्यूत जाऊन पुन्हा सुरू करा. घड्याळ ५०० सेकंदांपर्यंत लावता येतं, तेव्हा ही वाट चांगलीच लांब असू शकते. सहसा असं होतं: पी स्विच (विटांची थोडा वेळ नाणी करणारं बटण) दाबून झाला, त्याची वेळ संपली आणि रस्ता बंद. किंवा भिंतीपलीकडचा स्विच उडवायला कवच हवं होतं आणि ते लाव्हात पडलं. किंवा उडी हुकून खड्ड्यात पडलात आणि तिथून वर यायला जागाच नाही. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारा, 'ही वस्तू मी वाया घालवली तर?' आणि खरंच वाया घालवून बघा. मालकाने कवच एकदाच ठेवलं असेल तर पुन्हा पुन्हा कवच सोडणारा पाइप लावला की प्रश्न मिटतो, आणि खड्ड्यात काटे ठेवले तर निदान पटकन मरता येतं.

*चोरवाट.* इंग्रजी खेळाडू याला चीज म्हणतात आणि आपणही तेच म्हणतो. मालकाने आखलेला अवघड भाग टाळून भलत्याच मार्गाने पुढे जाणं. शत्रूच्या डोक्यावरून उसळी घेऊन भिंत ओलांडता येते का? मार खाऊन मोठ्याचा लहान होताना मारिओ काही क्षण लुकलुकतो आणि त्याला काही लागत नाही, तेवढ्यात काट्यांवरून चालत जाता येतं का? सुपर मारिओ वर्ल्डच्या शैलीत (लेव्हल कुठल्या मारिओ गेमसारखी दिसावी-चालावी हे शैलीवरून ठरतं) गिरकी उडीने फिरत्या करवतीवरूनही उसळता येतं. मालकाने ती करवत अडथळा म्हणून ठेवली असेल आणि ती तुमची पायरी झाली असेल. चोरवाट सापडली की क्लिप पाठवा. ती बुजवायची की गंमत म्हणून ठेवायची हा निर्णय त्याचा.

*आंधळी उडी.* जिथे पाय टेकायचा ती जागा उडी मारताना पडद्यावर दिसत नाही. यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे नाण्यांची कमान किंवा बाण. पण नाणी चुकीच्या जागी असली तर ती नसण्यापेक्षा वाईट. खेळाडू नाण्यांवर विश्वास ठेवतो.

*वेळेचं गणित बिघडणं.* शत्रू पडद्याच्या जवळ आल्यावरच हलायला लागतात आणि आपण फार लांब गेलो की नाहीसे होतात. मालक नेहमी धावत येतो म्हणून त्याच्यासाठी सगळं बरोबर जुळतं. तुम्ही चालत या. दोन पावलं मागे जा, थांबा, मग पुढे या. तरी तो भाग पार होतो का?

*चेकपॉइंटनंतरची अवस्था.* चेकपॉइंटचा झेंडा (मेल्यावर इथूनच पुन्हा सुरुवात होते) ओलांडून पुढे मरा आणि बघा, तिथून उठल्यावर पुढचा भाग पार करायला लागणारं सगळं हाताशी आहे का. फायर फ्लॉवर (आगीचे गोळे फेकायची ताकद देणारं फूल) झेंड्याच्या मागे आणि त्याने जाळायचा शत्रू झेंड्याच्या पुढे, अशी रचना फार वेळा दिसते. आणि 'इथे चेकपॉइंट टाका' असं सुचवण्याआधी बघा की लेव्हलला 'इतकी नाणी गोळा करा' अशी पार करण्याची अट लावलीय का. अट असेल तर गेम चेकपॉइंट ठेवूच देत नाही.

इथे एक शंका येईल. मालकाने स्वतः पार केल्याशिवाय अपलोड होत नाही, मग इतके दोष राहतात कसे? कारण त्या तपासणीत एकच सिद्ध होतं: ज्याला सगळं माहीत आहे त्याला एकदा जमलं. काही जण तर स्वतःपुरतं लपवलेलं दार ठेवतात, त्यातून थेट लेव्हलच्या शेवटापाशी पोचतात आणि मधला भाग त्यांनी कधी पार केलेलाच नसतो. पहिल्या मारिओ मेकरच्या बाबतीत तर याहून भारी प्रकार झाला. तो ज्यावर चालायचा त्या निन्टेंडोच्या जुन्या वी यू कन्सोलचे सर्व्हर एप्रिल २०२४ मध्ये बंद होणार होते. त्याआधी कुणीच पार न केलेली एकही लेव्हल उरू नये म्हणून 'टीम झीरो पर्सेंट' नावाचा गट जिवाचं रान करत होता. शेवटी 'ट्रिमिंग द हर्ब्स' नावाची २०१७ सालची लेव्हल सगळ्यांना पुरून उरली. मग मार्च २०२४ मध्ये मालकाने कबूल केलं की अपलोडच्या वेळी ती हाताने खेळून पार केलेली नव्हती, बटणं यंत्राने दाबली होती. सर्व्हर बंद होण्याच्या तीन दिवस आधी, ५ एप्रिलला, एका खेळाडूने ती हाताने पार केली तो भाग वेगळा.

लपवलेलं दार सापडलं तर चारचौघांत बोभाटा करू नका. मालकाला एकट्याला विचारा. कधी कधी ते तपासणीपुरतं ठेवलेलं असतं आणि काढायचं राहून जातं.

५. दहा मुद्द्यांतले तीन निवडा

यादी भली मोठी झाली असेल. सगळी पाठवू नका. क्रम असा लावा: आधी अडकून पडण्याच्या जागा, मग रस्ता न कळण्याच्या जागा, मग चोरवाटा, आणि सगळ्यात शेवटी तुमची आवड-निवड. संगीत, पार्श्वभूमी, 'इथे एक योशी हवा होता' वगैरे आवडीत येतं. मालकाने विचारलं तरच सांगा.

शैली बदलायची सूचना देताना जपून. पहिल्या चार शैलींमध्ये लेव्हल एकीतून दुसरीत नेता येते, पण थ्रीडी वर्ल्डची शैली वेगळी पडते. तिच्यात जायचं तर मांडलेलं सगळं पुसून जातं. 'ही थ्रीडी वर्ल्डमध्ये छान झाली असती' हे वाक्य म्हणजे 'पहिल्यापासून कर' असं सांगणं झालं.

६. लिहिताना: जागा, घडलेलं, वाटलेलं, मग सूचना

याच क्रमाने लिहा. नमुना देतो.

वाईट: "चेकपॉइंटनंतरचा भाग बकवास आहे. करवती कमी कर."

चांगला: "पहिल्या झेंड्यानंतरची दुसरी करवत. मी इथून सारखा उजवीकडे उडी मारून लाव्हात पडत होतो. वर नाणी दिसली म्हणून वर जायचं असेल असं वाटलं. खाली फळी आहे हे फार उशिरा कळलं, ती पडद्याबाहेर राहते. एकदा कळल्यावर उडी मात्र मस्त आहे, जपून ठेव. नाणी खालच्या बाजूला नेलीस तर चालेल का बघ. क्लिप जोडलीय."

दुसऱ्यात टीका कमी नाही, उलट जास्त आहे. पण मालकाला नेमकं कुठे बघायचं ते कळलं आणि उपाय त्याच्या हातात राहिला. तो कदाचित नाणी हलवणार नाही, बाण लावेल किंवा करवतच दोन ठोकळे डावीकडे नेईल. त्याला एडिटरमध्ये मारिओच्या उडीचा ठसा दिसतो, आपल्याला दिसत नाही. उपाय त्यालाच जास्त चांगला सुचणार.

चांगलं काय आहे तेही इतकंच नेमकं लिहा. 'मस्त' लिहून सोडलंत तर बदल करताना तो नेमकी तुम्हाला आवडलेली जागाच मोडून बसेल.

आणि आकड्यांवरून न्याय करू नका. क्लिअर रेट कमी म्हणजे लेव्हल वाईट असं नाही, तो फक्त किती प्रयत्नांत किती जण पार झाले ते सांगतो. नकोशी वाटली म्हणून 'बू'चं बटण दाबणं हाही अभिप्राय नव्हे. का, ते त्यातून कळत नाही.

७. कुठे लिहायचं

गेममध्ये कॉमेंट टाकायची सोय आहे. मजकूर, हाताने काढलेलं चित्र किंवा तयार शिक्का. कॉमेंट लेव्हलमध्ये त्या-त्या जागी दिसते आणि सगळ्यांना दिसते. म्हणून तिथे कौतुक करा, कोड्याचं उत्तर फोडू नका आणि दोषांची यादी तर मुळीच लावू नका. दोष खासगी मेसेजमध्ये कळवा.

स्विचच्या कीबोर्डवर देवनागरी नाही. त्यामुळे मजकुराच्या कॉमेंटमध्ये मराठी रोमन लिपीत लिहावी लागते आणि ती वाचताना दोघांचेही हाल होतात. चित्राची कॉमेंट निवडून बोटाने सरळ 'लय भारी' लिहिता येतं. मित्राच्या लेव्हलवर असं काही दिसलं की त्याला जो आनंद होतो तो बघण्यासारखा असतो. अनोळखी मालक जपानी असण्याची शक्यता बरीच. तिथे चित्रातला एक बाण आणि एक प्रश्नचिन्ह भाषेचं काम करून जातात.

८. पाठवल्यानंतर

मालक म्हणेल, "ते मुद्दाम तसं ठेवलंय." वाद घालू नका. 'मग मला ते मुद्दाम आहे हे कळलं नाही' एवढं एकदा सांगा आणि सोडून द्या. लेव्हल त्याची आहे. तो गप्प राहिला तरी पाठीमागे लागू नका. दुरुस्ती म्हणजे काय काय करावं लागतं ते वर आलंच आहे.

नवा कोड आला तर फक्त बदललेला भाग खेळून 'ओके' म्हणू नका. सुरुवातीपासून खेळा, कारण एक फळी हलवली की मागची चोरवाट बंद होते आणि पुढे नवीन उघडते. पण 'आता रस्ता कळतो का?' या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ शकत नाही. तुम्हाला तो आता माहीत आहे. त्यासाठी ही लेव्हल कधीच न पाहिलेला दुसरा कुणीतरी शोधून द्या, आणि जुना कोड त्याला आधी पाठवू नका.